तिसरी प्रत कोटऱ्यात

सोमवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी उदयराव वझलवार यांना त्यांच्या स्वतःच्या निधनाची सूचना मिळाली.

सूचना अत्यंत नेटकी होती. ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आपल्या मंडळाचे ज्येष्ठ सभासद कै. उदय वझलवार, साकेत नगर, यांचे भाद्रपद वद्य अष्टमीस निधन झाले. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो.’ मजकुरात काना-मात्रेची एकही चूक नव्हती, कारण तो मजकूर अकरा वर्षांपूर्वी उदयरावांनीच रचला होता. केवळ नाव, वस्ती आणि तिथी यांच्या जागा मोकळ्या सोडल्या होत्या. त्यांनी चष्मा पुसून सूचना पुन्हा वाचली. त्यांच्या मनात प्रथम जी भावना आली ती समाधानाची होती. सूचना सहा-दहालाच आली होती, सहा-अकराला नव्हे. भीती त्यानंतर आली.

पिपलानीच्या मराठी स्नेहवर्धक मंडळात एक सर्व्हर आहे. रंगमंचामागच्या कोठारात, पेटीचे खोके आणि गणपतीचे मखर यांच्यामध्ये, तो अकरा वर्षे अहोरात्र घुमत असतो. नोकरीच्या निमित्ताने भोपाळला येऊन राहिलेल्या दोनशे बारा कुटुंबांचे पत्ते, ग्रंथालयातून नेलेली पुस्तके आणि मुख्य म्हणजे त्यांच्या पितरांच्या तिथी त्याच्या पोटात आहेत. महाराष्ट्रात आजोबांची तिथी आठवून देणारे कोणी ना कोणी आळीत असते. इथे ते काम सर्व्हर करतो, आदल्या दिवशी सकाळी सहा-दहाला. कोणी गेले, तर नोंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्याच वेळी, तो सर्वांना आणि त्या घरच्या नातेवाइकांनाही कळवतो. ही व्यवस्था बसवणारे, सांभाळणारे आणि तिला दुसऱ्या कोणालाही हात लावू न देणारे एकमेव गृहस्थ म्हणजे कै. उदयराव.

ते तंत्रनिकेतनाचे पदविकाधारक. कारखान्याच्या संगणक विभागातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे ‘यंत्रपालासाठी सूचना’ नावाची एक बांधीव वही आहे. तिच्यातील पहिली सूचना अशी: ‘यंत्र चुकत नाही, त्याला सांगणारा चुकतो.’ दुसरी: ‘आधी लॉग, म्हणजे यंत्राची रोजनिशी, वाचा. लॉग घाबरत नाही आणि कोणाची बाजू घेत नाही.’ मंडळाच्या प्रत्येक वार्षिक सभेत ही वाक्ये ते उभे राहून म्हणत, आणि सभासद पुढच्या विषयाची वाट पाहत.

“अगं, मी काल गेलो,” स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ते म्हणाले.

मनोरमाबाई आले किसत होत्या. त्यांनी किसणे थांबवले नाही. “चहा घ्या आणि मग काय ते बघा.”

अडतीस वर्षांच्या संसारानंतर, कप नाही तरी निदान किसणी हातातून पडावी, एवढी उदयरावांची अपेक्षा होती. ते दुखावले. मनोरमाबाईंचे डोळे मात्र जागरण झाल्यासारखे तांबारले होते, हे त्यांनी पाहिले. त्याचा अर्थ लावला नाही.

चहा संपायच्या आत दारावरची घंटा वाजली. वरच्या मजल्यावरचे तुषार बोकील पांढरा कुर्ता घालून आले होते, सोबत त्यांच्या मातोश्री रत्नप्रभाबाई. दार उदयरावांनीच उघडले. तुषारने चेहऱ्यावर आणलेला भाव चेहऱ्यावरच राहिला.

“काका, म्हणजे... आप हो?”

“तूर्त तरी.”

“थँक गॉड. काकूंना भेटायला आलो होतो.” तो खुर्चीत बसला, पण पुढच्या कडेवर. “ये सर्व्हर का लोचा है, काका. ऑफ करके ऑन करा ना. माझा तर सगळ्या गोष्टींत तोच फंडा आहे.”

“अकरा वर्षे चाललेले यंत्र बंद करायचे नसते,” उदयराव गंभीरपणे म्हणाले. “बंद केलेले यंत्र पुन्हा चालू होईलच, असे कोणी सांगू शकत नाही. वहीत नोंद आहे.”

“मग पासवर्ड डालो, डिलीट मारो, खतम.”

“खतम म्हणू नये रे, आज तरी,” रत्नप्रभाबाई मुलाला म्हणाल्या. मग त्यांनी उदयरावांकडे नीट निरखून पाहिले. “आणि पुसायची घाई करू नका, भाऊजी. नोंद झाली आहे तर तेरा दिवस जाऊ द्यावेत. आपण मध्येच काहीतरी करायचं आणि ते अर्धवट राहायचं, हे बरं नाही.”

त्या उठून गेल्यावर, त्यांनी निघताना आपल्याला ‘येते’ न म्हणता ‘जाते’ म्हटले, ही गोष्ट उदयरावांच्या मनाला लागून राहिली.

त्यांनी घरच्या संगणकावर आपले नाव आणि पासवर्ड घातला. पडद्यावर उत्तर आले: ‘हा सभासद मयत आहे. मयत सभासदास प्रवेश नाही.’ हा नियमही त्यांचाच. मंडळाचे एक दिवंगत सभासद मृत्यूनंतर दोन वर्षे ग्रंथालयातून रहस्यकथा नेत असल्याचे आढळले होते. पुढे पुस्तके नेणारा त्यांचा नातू निघाला. तेव्हापासून उदयरावांनी असे केले होते की, निधनाची नोंद होताक्षणीच त्या माणसाचे दार बंद व्हावे. या दाराच्या मजबुतीचे कौतुक त्यांनी आजवर नेहमी बाहेरून केले होते. आताही ते बाहेरच होते. पण ही बाहेरची बाजू वेगळी होती.

पिपलानीला जायला निघाले, तर स्कूटर सुरू होईना. कार्ब्युरेटर ओला झाला असावा, असे निदान करून ते बसने निघाले. कंडक्टर पुढून मागे आला, शेजारच्या बाईंना तिकीट दिले, मागच्या दोघांना दिले, आणि उदयरावांच्या पुढे केलेल्या हाताकडे न पाहता निघून गेला. असे गर्दीत होते. परंतु बसमध्ये गर्दी नव्हती. उदयरावांनी खिडकीच्या काचेत आपले प्रतिबिंब आहे की नाही, हे तपासले. तपासून झाल्यावर, आपण ते तपासले याची त्यांना लाज वाटली.

मंडळाच्या सभागृहाबाहेरच्या फळ्यावर त्यांचे नाव खडूने लिहिले होते. आत रंगमंचावर त्यांचे छायाचित्र ठेवले होते. जुन्या वार्षिक अहवालातील समूहचित्रातून ते मोठे केले होते. त्यात उदयरावांनी नेमके डोळे मिटले होते आणि खांद्यावर दुसऱ्या कोणाचा तरी हात होता. त्या हाताला धड नव्हते, आणि वरून झेंडूचा हार घातला होता.

“हॉल आज बंद है, भाईसाहब,” मागून रखवालदार रामसनेहीचा आवाज आला. “वझलवार साहब गुज़र गए.”

उदयराव वळले. “रामसनेही, मैं ही हूँ.”

रामसनेहीने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले. तो घाबरला नाही. त्याने केवळ समजूतदारपणे मान हलवली. “जी. मशीन की फ़िकर रह गई होगी.” त्याने कमरेची किल्ली काढली, उदयरावांच्या हातात न देता उंबऱ्यावर ठेवली, आणि चार पावले मागे सरून हात जोडले.

कोठारात अंधार होता. दिव्याचे बटण दाबले तरी दिवा लागला नाही. सर्व्हरचा हिरवा ठिपका मात्र लुकलुकत होता आणि त्याचा पंखा घशात कफ असलेल्या म्हाताऱ्यासारखा घुमत होता. लॉगच्या शेवटच्या ओळी पासवर्डाशिवाय कोणालाही दिसाव्यात, अशी सोय उदयरावांनी पूर्वीच करून ठेवली होती. ते वाकले आणि दुसऱ्या सूचनेप्रमाणे लॉग वाचू लागले.

आदल्या दिवशी, रविवारी, दुपारी तीन चाळीसला ‘उदय’ या नावाने प्रवेश झाला होता. तीन सेहेचाळीसला निधनाची नोंद: उदय वझलवार. नोंद करणारा: उदय वझलवार. त्याच मिनिटाला दार बंद. तीन बावन्नला उदय वझलवार पुन्हा दाराशी आले होते. नाकारले: मयत. तीन चौपन्न, नाकारले. संध्याकाळपर्यंत नऊ वेळा नाकारले. आणि शेवटची ओळ पहाटे तीन वाजून बारा मिनिटांची होती. नाकारले: मयत.

उदयरावांनी पेटीच्या खोक्यावर बसून घेतले. काल वडिलांची तिथी होती. पुरणाचे जेवण करून दुपारी अडीच ते साडेचार ते गाढ झोपले होते, आणि रात्रीही. पासवर्ड दुसऱ्या कोणालाही ठाऊक नव्हता. म्हणजे एकतर लॉग खोटा होता, आणि लॉग खोटा नसतो. किंवा कोणी एक उदय वझलवार भर दुपारी स्वतःचे निधन नोंदवून गेला होता, आणि नंतर पश्चात्ताप होऊन रात्रभर दार ठोठावत राहिला होता. ते दार कोणी मजबूत केले होते?

“कोण आहे आत?”

सचिव वैजयंतीताई सबनीस हातात विजेरी घेऊन उभ्या होत्या. त्या राज्य सरकारच्या कचेरीतून वरिष्ठ अधीक्षक म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि कशालाही दचकत नसत. उदयरावांना पाहूनही दचकल्या नाहीत. त्यांच्या कपाळावर केवळ एक आठी आली.

“वझलवार, आता ही काय भानगड? शोकसभेची नोटीस निघाली आहे. उद्या संध्याकाळी पाच.”

“ताई, मी हयात आहे. नोंद चुकीची आहे.”

“अकरा वर्षं सांगताय यंत्र चुकत नाही म्हणून.”

उदयरावांनी दोन्ही बाजू तोलल्या. यंत्र चुकले म्हणावे, तर अकरा वर्षांची प्रतिष्ठा जाणार होती. चुकले नाही म्हणावे, तर ते स्वतःच गेलेले होते.

“असो,” वैजयंतीताई म्हणाल्या. “नियम चौदा. ‘मयताच्या नोंदीत बदल केवळ वारसाच्या लेखी अर्जावरून.’ मसुदा तुमचाच आहे. वहिनींचा अर्ज आणा, सोबत तुमचा हयातीचा दाखला.”

“पेन्शनसाठी दिलेला दाखला आहे की. नोव्हेंबरातला.”

“तो नोव्हेंबरपर्यंतचा. तुम्ही काल गेलात.” त्यांनी थोडा विचार केला. “शिवाय अर्ज मंजूर झाला तरी बदल करणार कोण? अधिकार फक्त यंत्रपालाला, आणि ते पद कालपासून रिक्त आहे. बॅकअप नाही का? तीन प्रती, तीन प्रती म्हणून आमचे कान किटवलेत.”

उदयरावांच्या पाठीचा कणा सरळ झाला. तिसरी सूचना: ‘एक प्रत यंत्रात, एक घरी, एक शहराच्या दुसऱ्या टोकाला.’ “आहे. घरी आहे. एका तासात आणतो.”

“आणा. आणि हो, उद्यासाठी तुमच्याबद्दल पाच मिनिटं बोलेल असं कोणी सुचवता का? मी सकाळपासून विचार करतेय.”

उदयरावांच्या मनात एकच नाव आले, आणि ते त्यांनी सांगितले नाही.

घरी देवघराच्या खणात दोन वस्तू होत्या. एक पेन ड्राइव्ह, आणि एक लाखेने बंद केलेले पाकीट. पाकिटावर ‘माझ्या पश्चात उघडावे’ असे लिहिले होते, आत पासवर्ड. यंत्रपाल अचानक गेला तर यंत्र पोरके होऊ नये म्हणून, हे चौथ्या सूचनेनुसार. उदयरावांनी पेन ड्राइव्ह संगणकाला लावला. रविवारच्या तारखांचे कप्पे एका ओळीत शिस्तीने उभे होते, तीनशेहून अधिक. त्यांनी पहिला उघडला. रिकामा. दुसरा उघडला. रिकामा. सहा वर्षांपूर्वी त्यांनी सर्व्हरवरील नोंदींची जागा बदलली होती. घरच्या प्रतीला ते कोणी सांगितलेच नव्हते. यंत्र दर रविवारी ‘प्रत घेतली’ असे प्रामाणिकपणे कळवत होते. कशाची घेतली, हे त्याला कोणी विचारले नव्हते.

सहा वर्षांपूर्वी एका माणसाने नेमके हेच विचारले होते, भर वार्षिक सभेत. “उदय, घेतलेली प्रत परत वाचून पाहिलीस का?” एवढेच. त्यानंतर त्या माणसाशी उदयराव बोललेले नव्हते.

त्यांनी पाकीट उचलले. लाख मोडलेली होती. कड पुन्हा चिकटवली होती, आणि चिकटवलेल्या जागी काहीतरी टणक लागत होते. नखाने खरवडल्यावर ते निघाले. वाळलेले भाताचे शीत होते.

“मनोरमा.”

मनोरमाबाई दारातच होत्या. बहुधा बराच वेळ.

“काल तुम्ही गच्चीवर पान ठेवायला गेलात,” त्या म्हणाल्या. “आणि घड्याळ लावून उभे राहिलात.”

हे खरे होते. वडिलांच्या तिथीला कावळा पानाला किती मिनिटांनी शिवतो, याची नोंद उदयराव दर वर्षी करीत. काल चौदा मिनिटे लागली होती.

“तो आधी पानावर नाही आला. मागून आला आणि तुमच्या डोक्याला पाय लावून गेला. मी जिन्यातून बघितलं.”

“वारा होता.”

“वाऱ्याला नखं नसतात.” त्यांनी हात लांब करून उदयरावांच्या टकलावरच्या एका बारीक ओरखड्याला स्पर्श केला. तो ओरखडा उदयरावांनी सकाळी आरशात पाहिला होता आणि कंगव्याच्या खाती टाकला होता. “आमच्या आत्याच्या यजमानांच्या डोक्यावर कावळा बसला होता, तेव्हा मरण टळावं म्हणून सगळ्यांना ते गेल्याची तार केली. माणसं रडली. मग दुसरी तार केली की खोटं आहे. ते पुढे एकोणतीस वर्षं जगले. आता तार बंद झाली. मी कुठे कळवणार? म्हटलं, तुमचा सर्व्हर सगळ्यांना एकदम कळवतो.”

“तू माझा पासवर्ड वापरलास?” आपल्या मरणापेक्षाही ही गोष्ट उदयरावांना अधिक लागली, हे त्यांच्या स्वरावरून स्पष्ट होते.

“सूचना गेली की नोंद पुसायची, असं ठरवलं होतं. पण नोंद केली आणि यंत्र मला आत घेईना. रात्री तीनला उठून पुन्हा बघितलं, तरी घेईना.”

“मयताला प्रवेश नाही,” उदयराव यांत्रिकपणे म्हणाले. पहाटे तीन-बाराला दार ठोठावणारे कोण होते, ते आता कळले. “मला सांगायचेस तरी.”

“ज्याचं आहे त्याला सांगायचं नसतं. आणि तेवढ्याने भागतही नाही. कोणीतरी खरोखर रडावं लागतं. मग बातमी मागे घ्यायची.”

“आणि मागे घेतली नाही तर?”

मनोरमाबाई खण बंद करीत होत्या. “तर ती तशीच राहते,” त्या म्हणाल्या, आणि खण नीट बसला आहे ना, हे पुन्हा पुन्हा ढकलून पाहत राहिल्या. तेव्हा उदयरावांना सकाळचे तांबारलेले डोळे आणि न थांबलेली किसणी यांचा अर्थ लागला. विज्ञानाचा विद्यार्थी म्हणून त्यांना बोलण्यासारखे पुष्कळ होते. त्यांनी नुसता चष्मा पुसला.

“बरे, रडले कोण?” थोड्या वेळाने त्यांनी विचारले.

“आशयला मी आधीच फोन करून ठेवला होता, पोरगा पुण्यात उगाच घाबरायला नको म्हणून. त्यामुळे तो रडला नाही. मंडळाच्या ग्रुपवर हात जोडलेत लोकांनी.”

“किती?”

“त्रेचाळीस.”

“सभासद दोनशे बारा आहेत,” उदयराव म्हणाले, आणि उठून चपला घालू लागले.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोटरा सुल्तानाबादला पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली. सभेत तो प्रश्न विचारणारे परीक्षित डबीर तिथे एकटे राहत. कारखान्यात दोघांनी एकाच टेबलावर बावीस वर्षे काढली होती. व्यवस्था बसवली तेव्हा तिसरी प्रत परीक्षितच्या घरी जावी असे ठरले होते, आणि दर रविवारी पहाटे सर्व्हर ती आपणहून तिकडे पाठवीत असे. पुढे माणसांचे बोलणे बंद झाले; यंत्रांचे बंद करायला कोणाला सुचले नाही. पण सहा वर्षे तिकडे कोणी ती प्रत उघडली असेल, अशी आशा करायला उदयरावांकडे कोणतेही कारण नव्हते.

फाटकाच्या खांबावर एक कावळा बसला होता. त्याने उदयरावांकडे मान तिरकी करून पाहिले आणि ओरडला नाही. उदयरावांनी डोक्यावर पिशवी धरली, आणि तसेच आत जाऊन दार वाजवले.

दार साखळीएवढे उघडले. आतल्या अंधारात परीक्षितचा अर्धा चेहरा दिसला. बातमी ऐकून डोक्यावरून पाणी घेतात, तसे दिवसभरात कितव्यांदा तरी घेतल्यासारखे केस ओले होते. उघडा डोळा सुजून लाल झाला होता. त्या डोळ्याने डोक्यावर पिशवी धरलेल्या उदयरावांना वरपासून खालपर्यंत पाहिले आणि तो पायांवर थांबला. पावले पुढच्या बाजूलाच आहेत याची खात्री करायला त्याला बराच वेळ लागला.

“उदय,” परीक्षित अगदी हळू आवाजात म्हणाले, “जे राहिलं असेल ते सांग. मी पुरं करतो. फक्त आत येऊ नकोस.”

बसमध्ये उदयरावांनी तीन वाक्ये जुळवली होती. पहिल्यात खेद होता, दुसऱ्यात स्पष्टीकरण आणि तिसऱ्यात विनंती. त्यांपैकी एकही तोंडात आले नाही.

“बॅकअप,” ते म्हणाले.

खांबावरचा कावळा पंख झाडून उडाला.

“आहे,” शेवटी परीक्षित म्हणाले. “दर सोमवारी वाचून पाहिलेला आहे.” मग थोडे थांबून, “तुझा?”

“रिकामा निघाला. मी कधी वाचून पाहिला नव्हता.”

“काय?”

“वाचून पाहिला नव्हता. तू विचारलेस ते बरोबर होते.”

साखळी खळकन निघाली. परीक्षित दारात उभे राहिले. “जिवंत उदय वझलवार हे कधी कबूल करणार नाही,” ते म्हणाले. “म्हणजे तू गेला आहेस हे नक्की. ये, पाणी पी.”

उदयराव पाणी प्यायले. ते गळ्यातून खाली उतरते की नाही, हे परीक्षित लक्षपूर्वक पाहत होते. कावळ्याची हकिगत ऐकून ते हसले नाहीत. फक्त दोनदा नाक पुसले आणि सकाळी वाचून पाहिलेली प्रत एका डिस्कवर उतरवून घेतली. प्रत चढवायला सभासद असावे लागत नाही. कोठाराची किल्ली असावी लागते. परीक्षितच्या जुन्या गाडीतून दोघे पिपलानीला गेले. रामसनेहीने किल्ली पुन्हा उंबऱ्यावर ठेवली. परीक्षितने विजेरी धरली, उदयरावांनी प्रत चढवली, आणि साडेसातच्या सुमारास सर्व्हरने रविवार पहाटेचे जग जसेच्या तसे परत मांडले. त्या जगात उदयराव हयात होते. नंतर परीक्षितने त्यांना घरच्या दारापर्यंत सोडले.

“कोणी रडलं का?” दार उघडताच मनोरमाबाईंनी विचारले.

“परीक्षित. सकाळपासून, असे दिसते.”

मनोरमाबाई देवघराकडे वळल्या. त्या रात्री उदयरावांनी वहीत पाचवी सूचना लिहिली: ‘घेतलेली प्रत परत वाचून पाहावी.’ ती कोणाची, हेही खाली लिहिले.

मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी त्यांचा फोन वाजला. आपल्या हयातीची काही सूचना सर्व्हर पाठवत नाही, हे ठाऊक असूनही ते उत्सुकतेने उठले.

‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आपल्या मंडळाचे ज्येष्ठ सभासद कै. परीक्षित डबीर, कोटरा सुल्तानाबाद, यांचे भाद्रपद वद्य नवमीस निधन झाले.’

कालच नवमी होती. उदयराव स्वयंपाकघरात जाऊन फरशीवर बसले. यंत्र चुकू शकते, हे चोवीस तासांपूर्वी त्यांच्याइतके जगात कोणालाही पटलेले नव्हते. आता मात्र त्यातले काही आठवेना. आठवत होते ते इतकेच, की रात्री आपल्याला सोडून तो एवढ्या लांब एकटाच गाडी चालवत परत गेला, आणि त्याचे केस ओले होते. त्यांनी चष्मा काढला. काढल्यावर त्याचे काय करावे, ते त्यांना सुचेना.

मनोरमाबाईंनी त्यांच्या हातातून फोन घेऊन वाचले. या वेळी किसणी खाली पडली. फोन त्यांच्या हातातच असताना पुन्हा वाजला, आणि पडद्यावर नाव आले: परीक्षित. दोघेही ते नाव पाहत राहिले. सातव्या घंटेला उदयरावांनी तो घेतला.

“उदय, मी गेलो म्हणे,” पलीकडून खोकल्यासह आवाज आला. “चूक माझी आहे. प्रत नीट बोलते का, हे बघायला एक निधनाची नोंद घालून पाहतो मी. काल ती घातली आणि तेवढ्यात तुझी बातमी आली. यंत्र तसंच टाकून उठलो. पुसायची राहिली, ती तुझ्या सर्व्हरवर चढली.”

“नाव,” उदयराव कसेबसे म्हणाले, “तुझेच का?”

“मग कोणाचं घालू? जिवंत माणसाच्या नावापुढे कैलासवासी लिहायचं, तर आपलंच बरं. सहा वर्षं दर सोमवारी सकाळी मरतो, यंत्र बरोबर सांगतं का बघतो, आणि चहाच्या आत परत येतो.” पलीकडून पुन्हा खोकला ऐकू आला. “तुझा आवाज असा का येतोय? रडतोयस का?”

“हो.”

“किती वेळ?”

उदयरावांनी सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. “आठ मिनिटे,” ते म्हणाले.

“आता बातमी मागे घ्या त्यांची,” मनोरमाबाई हलकेच म्हणाल्या. “लगेच.”

उदयराव उठले, संगणकासमोर बसले आणि त्यांनी पासवर्ड घातला. दार पहिल्याच ठोक्याला उघडले. परीक्षित डबीर यांच्या निधनाच्या नोंदीवर जाऊन, नियम चौदा बाजूला ठेवून, त्यांनी ती रद्द केली. तेव्हा यंत्राने रद्द करण्याचे कारण विचारले. हा रकाना रिकामा सोडता येत नाही, असा नियम त्यांनीच घातला होता. त्या रकान्यात अकरा वर्षांत कोणाला काही लिहावे लागले नव्हते. त्यांनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि एकेक अक्षर तपासत लिहिले: ‘रडून झाले.’